तपासणीच्या दिवशीची शाळा

आत्ती, तू शिकवायचीस त्या शाळेच्या स्मरणिकेत तुझ्यावर लिहिताना मी एक चूक केली. तुझ्या काळात शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय होती, असं मी लिहिलं आणि ते तसंच छापून आलं. सोय नव्हती. साहेब तपासणीला यायचे त्या सकाळी आपल्या घरचं स्टीलचं पिंप तू शाळेत न्यायचीस. सतरंजी आपली, भिंतीवरचं घड्याळ आपलं, साहेबांची खुर्ची शेजारच्या काकींची. संध्याकाळी सगळं परत घरी यायचं.

मी तेव्हा शाळेत जात नव्हते. तूच घरी शिकवायचीस. दुधाच्या किटलीच्या झाकणावर खडूनं अक्षर काढून द्यायचीस आणि तुझ्या भाकरी होईपर्यंत मी ते गिरवत बसायची. एका तपासणीला तू मला बरोबर नेलंस. साहेब पाणी पितात, गार आहे म्हणतात, आणि मी म्हणते, "आमच्या घरचं पिंप हाय ते." साहेब हसतात. तू हसत नाहीस. वाटेत म्हणालीस, "लई शाणी झालीस व्हय गं? घरातलं उणं पावण्याला सांगतंय का कोण?" मी म्हटलं, "ती शाळा हाय की आत्ती, घर न्हाय." "माझं घरच हाय ते," म्हणालीस, आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. तो धडा मी नको इतका पक्का केला.

आता मी मलकापूरच्या पुढं, तशाच एका शाळेत शिकवते. मागच्या तपासणीला मी घरून पाण्याचा फिल्टर नेला. मुलींच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी नाही, म्हणून बादल्या भरून ठेवल्या. गळकी खोली कुलूप लावून बंद केली आणि दारात कुंड्या मांडल्या. अहवालात 'भौतिक सुविधा समाधानकारक' असं आलं. वाचून मला बरं वाटलं. पुढं आमचा पाण्याचा आणि दुरुस्तीचा प्रस्ताव परत आला, त्याच अहवालाचा हवाला देऊन.

शाळा समितीचे अध्यक्ष म्हशी पाळतात. भर बैठकीत म्हणाले, "बाई, म्हस धुऊन, तेल लावून बाजारात उभी करावी तशी शाळा दावलीसा. आता डॉक्टर कशाला बोलावताय?" सगळे हसले, मीही हसले. सहावीतल्या एका मुलीची आई तेवढी हसली नाही. म्हणाली, "पोरगी शाळेत पाणीच पीत न्हाय बाई, जायला लागू ने म्हणून. पुढच्या वर्साला मलकापुरात घालतो तिला." तिला काय सांगायचं? ती मुलगी गेली की पट घटणार, आणि अनुदान पटावर मिळतं, म्हणजे तेही घटणार. मोठ्या शाळेला जास्त, लहान शाळेला कमी. आमच्या भागातला पाऊस मात्र पट बघून पडत नाही. हे मी किती वेळा, किती टेबलांपुढं सांगितलं असेल. सांगून सांगून दमले गं. आणि आपणच लपवलेलं आपणच मागत फिरायचं, याचा शीण वेगळाच.

लहान शाळांच्या अनुदानाबद्दल गावांचं म्हणणं ऐकायला जिल्हा परिषदेनं बोलावलंय. निधी नुसत्या पटावर नको, इमारतीची गरज बघून द्या, असं निवेदन समितीनं केलंय. त्याला मी माझा जबाब जोडणार आहे: त्या दिवशी काय काय घरून आणलं, काय झाकलं. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, नोटीस तुम्हालाही येईल, मलाही. अहवालावर शाळेतर्फे सही माझी आहे." ते वाईट माणूस नाहीत. कुंड्या त्यांनीच घरून आणल्या होत्या. त्यांचं नाव घालावं की नाही, यावर मी जबाब तीनदा लिहिला. शेवटी फक्त माझं ठेवलं. ते तरी पूर्ण खरं आहे का, मला माहीत नाही.

तू असतीस तर रागावली असतीस. शाळेवर तुझ्याइतकी माया मीही करते, एवढं तरी तुला पटवता आलं असतं का, हा विचार सारखा येतो. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच एक सांगते. सुनावणीसाठीच्या रजेच्या अर्जात मी कारण 'घरगुती काम' असं लिहिलंय. उद्या तो मागून घेऊन खरं कारण लिहीन. सुनावणी येत्या शुक्रवारी आहे, सकाळी अकराला. मी जाणार आहे.