चर्चच्या बाकावर

ताई,

आज मी ड्युटीवर जात नाहीये. वॉर्डातलं ते बाळ माझ्या हातात गेलं, तेव्हापासून अकरा दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही. काल इंजेक्शन भरताना हात इतका थरथरला की मेट्रननेच मला घरी पाठवलं. लवकर सुटले, असं तुला खोटंच सांगितलं. घरी येण्याआधी तीन तास मी चर्चमध्ये होते. प्रार्थनेला शब्दच सुचेनात. "प्रभू, दमले रे," एवढंच म्हटलं आणि बाकावरच झोप लागली. पाळकबाईंनी उठवलं नाही, अंगावर शाल टाकली.

आजही तिथेच जातेय. आईला फोनवर काही बोलू नकोस. संध्याकाळी मला घ्यायला ये. मी झोपलेली असले तर उठवू नकोस, नुसती शेजारी बसून राहा.

तुझी छोटी