आईचा आवाज निम्मा कर

सुचिता,

वाशीला कानाच्या डॉक्टरकडे जातोय, जेवायला थांबू नको. हॉलमधला आणि आतला, दोन्ही कॉम्प्युटर चालूच ठेव. एकावर गाणं वाजतं, दुसरा चारी बाजूंचे स्पीकर सांभाळतो. एक जरी बंद केलास तर सगळं पहिल्यापासून जुळवावं लागेल. लग्नाच्या मांडवात आईने गायलेल्या धवल्यांचं मिक्सिंग आता तुझ्या लाडक्या दिरालाच करू दे. रूपेशला सांग, रेकॉर्डिंगमध्ये डावीकडे बसलेल्या आईचा आवाज मी वाढवतच गेलोय, तो आधी निम्मा कर. नेटवर्क नीट जोडलं नाहीस म्हणून त्याला उगाच झापलं.

काल हेडफोन उलटा घातला, तर आई उजव्या कानात खणखणीत, आणि डावीकडे तरीही काहीच नाही. म्हणजे बिघाड कॉम्प्युटरमध्ये नव्हताच. डॉक्टर फोनवर बोलले, कान बंद झाला तेव्हाच यायला पाहिजे होतं, आता नस गेली असणार. तेव्हा मी वायरी बदलत बसलो होतो.

आईला यातलं काही बोलू नको.

परवा झोपताना तू काहीतरी विचारलंस, मी उत्तर दिलं नाही म्हणून अजून गप्प आहेस. मी रागावलो नव्हतो गं. तू डावीकडे झोपतेस.

दिपेश