मुकादमाचं पाणी

प्रिय मास्तरीणबाई,

तुला काय म्हणून हाक मारावी यातच माझी सकाळ गेली. आधी ‘सूनबाई’ लिहिलं आणि खोडलं. कोर्टाचा कागद झाल्यापासून तो शब्द माझ्याकडे राहिला की परत करायचा, हे कुणाला विचारावं कळत नाही. म्हणून तुझ्या माघारी मी जे म्हणायचो तेच लिहिलंय. शाळेनं मला लवकर मोकळं केलं हे तू जाणतेसच, तेव्हा चुकांना तांबड्या पेनानं गोल करू नकोस. पत्र मिळालं की ‘मिळालं’ एवढं तरी कळव. कोपऱ्यावरच्या पत्रपेटीचं तोंड वाकलंय. पत्र खाली पडलं की मध्येच अडकलं, हे मी आत बोटं घालून बघणार आहे.

आधी हे वाच: मुकादम जिवंत आहे. बाकीचं सावकाश वाच, खुर्चीत बसून वाच. तू फोनवर रोज विचारतेस आणि मी ‘आहे, आहे’ म्हणतो, पण तो कसा झाला होता ते मी तुला धड सांगितलेलंच नाही. पोटाखाली आणि मांड्यांच्या आतून लालभडक, कुणी चिमटे काढल्यासारखा. कातडी ओल्या कागदासारखी सुटत होती. गांडूळ त्याच्या नाकावरून चालत गेलं तरी त्यानं ढुंकून पाहिलं नाही, आणि एरवी हा बोट दिसलं तरी झडप घालणारा. गळा हलतोय का हे बघायला मी चष्मा काचेला लावून बसायचो. माझ्याच श्वासाची वाफ काचेवर धरायची, मग काहीच दिसायचं नाही. काच पुसायची, पुन्हा बसायचं. शेजारची बाई म्हणाली, इतकं तर कुणी स्वतःच्या नातवाचं करत नाही. मी म्हटलं, नातू होऊ दे, त्याचंही करतो. बोलून गेलो आणि मग वाटलं, हे कशाला बोललो.

तू त्याला आणलंस तो दिवस सारखा आठवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना कापून दाखवायला आणलेल्या बेडकांतला हा एक. तू त्याला जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलंस, डबा ओट्यावर ठेवलास आणि हात धुवायला गेलीस. मला वाटलं, सूनबाईंनी काहीतरी खायला आणलंय. झाकण उघडलं तर हा माझ्याकडे बघतोय. मी असा काही ओरडलो की खालचा शिंपी कात्री हातात घेऊन वर आला. तू हसत हसत जमिनीवरच बसलीस. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय, असं म्हणालीस. तुझी सासू गेल्यापासून या घरात इतकं मोठ्यानं कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. नाव मीच ठेवलं. आमच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरावरचा मुकादम अस्साच बसायचा, गळा फुगवून, जागचा न हलता, आणि तरी कोण उशिरा आलं ते त्याला बरोबर ठाऊक असायचं.

जनावरांच्या डॉक्टरकडेही त्याला त्याच डब्यातून नेलं, झाकणाला भोकं पाडून. तिथे सगळे कुत्री घेऊन बसलेले. एका बाईनं विचारलं, आजोबा, डबा कुणासाठी आणलात? मी म्हटलं, पेशंट आतच आहे. ती सरकून पलीकडच्या बाकावर गेली. डॉक्टर पोरगेला आहे, आधी हसला, पण मग हात ओले करून त्यानं मुकादमाला इतकं अलगद उचललं की माझा जीव जरा भांड्यात पडला. औषध तोंडात द्यायचं नाही, पाठीवर थेंब सोडायचा. बेडूक पाणीसुद्धा तोंडानं पीत नाही म्हणे, अंगानं पितो. म्हणजे जिथे बसवाल तिथलं सगळं त्याच्या आत जाणार, नको म्हणायची सोयच नाही. हे ऐकून मला तुझी आठवण झाली. का, ते लिहीत नाही.

तेव्हापासून तो काचेच्या पेटीत नाही, उथळ ट्रेमध्ये आहे. खाली माझा जुना बनियन ओला करून अंथरलाय, नुसत्या पाण्यात धुतलेला, साबणाचा हात न लागलेला. वर जाळी, आणि शेजारच्या मांजरीचा भरवसा नाही म्हणून जाळीवर इस्त्री ठेवलीय. थेंब सोडताना कोपर टेबलाला टेकवतो आणि श्वास रोखून धरतो. एकदा थेंब त्याच्या डोळ्यात गेला की काय असं वाटलं, तर दिवसभर जाळी उचलून तो डोळा उघडतो का ते बघत बसलो.

तुझा नवरा (इथेही पेन अडलं, म्हणून ‘माझा मुलगा’ लिहितो) ट्रेकडे बघतही नाही. कामावरून येतो, जेवतो, फोनमध्ये तोंड घालून बसतो. पण ओट्यावर गांडुळांची पुडी दिसते, गळ विकणाऱ्याच्या दुकानातली, आणि ती मी आणलेली नसते. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आमचं बोलणं कसं चालायचं तुला माहीतच आहे. ‘बाबांना सांग’, ‘त्याला विचार’, सगळं तुझ्यामार्फत. आम्ही दोघांनी तुझा नुसता निरोप्या करून टाकला होता. आता मधलं माणूस नाही म्हणून बोलणंच बंद पडलंय. परवा मात्र तुझा फोन ठेवला तेव्हा तो समोरच बसला होता. म्हणाला, “बाबा, ती आता आपली कोण?” रागानं नाही, खरंच विचारलं त्यानं. मी म्हटलं, “मुकादमाची मालकीण.” त्यानं माझंही ताट उचललं आणि घासायला घेऊन गेला.

तुझ्या फोनची वेळ झाली की मी दाढी करून बसतो. वेडेपणाच आहे, फोनमध्ये कुठे दिसते दाढी. बोलायचं बेडकाबद्दल, पण मध्येच तू माझा खोकला विचारतेस आणि मी तुझ्या नव्या खोलीच्या दाराची कडी नीट बसते का ते विचारतो. अजून सांगितलं नाहीस. घरमालकीण बेडूक ठेवू देतेय, तो बरा झाला की घेऊन जाईन, असं म्हणालीस, तेव्हा मी बरं म्हटलं खरं. पण त्या दिवशी चहा ओतला आणि प्यायचा राहूनच गेला.

आणि परवा तू रडलीस. म्हणालीस, “मी त्याला टाकून आले बाबा, म्हणून त्यानं खाणं सोडलं.” मी गप्प राहिलो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्यालाही तसंच वाटतंय. म्हणून हे पत्र. जाताना तू मला बजावलं होतंस की नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं आणि मगच त्याला द्यायचं. मी मान हलवली आणि केलं उलटंच. माझी अख्खी नोकरी पाण्यात क्लोरीन सोडण्यात गेली. उघडं साचलेलं पाणी म्हणजे आम्हाला डास, जुलाब आणि साहेबांच्या शिव्या. असलं शिळं पाणी मी घरच्या जिवाला कसं देऊ? मास्तरीण शिकलेली आहे, पण पाण्यातलं तिला काय कळतं, असं मनात म्हटलं, आणि नळाचं ताजं, क्लोरीनचा चांगला वास मारणारं पाणी त्याला घातलं. तू गेल्यावर तर उठसूट बदलत राहिलो, कारण हाताला दुसरं कामच नव्हतं. डॉक्टरनं पाणी कुठलं विचारलं, तर मी छाती फुगवून सांगितलं. तो म्हणाला, “आजोबा, आपण ते पितो. हा त्यात बसतो. अंग जळलंय त्याचं.” फोनवर हे सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी त्याला घेऊन गेली असतीस, आणि मग संध्याकाळी फोन कशासाठी केला असतास, या भीतीनं मी तोंड मिटून बसलो आणि तुला तिकडे रडत ठेवलं. आता लाली उतरलीय. आज सकाळी त्यानं गांडूळ खाल्लं, डोळे मिटून, दोन्ही हातांनी तोंडात कोंबून. तेव्हा नीट ऐक. तू गेलीस म्हणून तो आजारी पडला नाही. तू गेलीस म्हणून या घरात कुणीच आजारी पडलेलं नाही, मला धरून. ये आणि त्याला घेऊन जा. बादलीतलं पाणी बाटल्यांत भरून ठेवतो, वाटेत लागेल.

तुझाच,
बाबा