एप्रिलपर्यंत झाकून ठेवलेलं

पार्सिपनी, दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय शैला,

तुला अनेक आशीर्वाद. मी इथे अमेरिकेत मजेत आहे. फोनवर मोकळं बोलता येत नाही, सून शेजारच्याच खोलीत ऑफिसचं काम करत असते. म्हणून हे पत्र.

थंडी पडायला लागली. काल सुशांतने गवत कापायचं मशीन हिवाळ्यासाठी तयार केलं. उरलेलं पेट्रोल काढलं, नाहीतर आत चिकट होतं म्हणे. तेल बदललं, पात्याला चिकटलेलं गवत खरवडलं. अख्खी दुपार गेली! दसऱ्याला मी त्या मशीनला लावलेलं हळदकुंकूही तेलकट फडक्याने पुसलं.

माझं गुडघ्यांचं तेल गणपतीतच संपलंय. सांगितलं की "आणतो गं आई," म्हणतो. मशीनच्या तेलासाठी मात्र दोन दुकानं फिरला. नातीला, केयाला, कडेवर घेऊन जिना चढताना कळ येते. असो. तुझं बीपी कसं आहे? माझ्या तुळशीला पाणी घालतेस ना?

पुढच्या महिन्यात माझे सहा महिने संपतात. मग केयाला सांभाळायची पाळी सुनेच्या आईवडलांची.

मशीनवर ताडपत्री घालून सुशांत म्हणाला, "चला, आता एप्रिलपर्यंत बघायला नको." मग हात पुसता पुसता माझ्याकडे वळला, "आई, तुझंही इकडे परत यायचं तिकीट एप्रिलचंच काढलंय हं."

मी बरं म्हटलं.

तू तेवढी तेलाची बाटली आणून ठेव. एप्रिलपर्यंत मला पुन्हा चालू करायला हवं ना!

तुझी,
ताई