वर्लिनचा डोळा

आर्डिस,

मॅरेनच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. घरी काडतुसं भरायला कुठलं यंत्र घेऊ, असं तिने विचारलं होतं. मी सांगणारा कोण, म्हणून चार मसुदे फाडले. काल तिचा फोन आला, "काका, तुमचं उत्तर येईपर्यंत रानातली एल्क हरणं म्हातारी होतील! मी झटपट भरणारंच मागवतेय."

तिच्या बापाचा, तुझ्या भावाचा, वर्लिनचा डोळा बंदुकीच्या दोषाने गेला नाही. तसल्याच यंत्रावर मी भरलेल्या काडतुसात दारू दोनदा पडली होती, त्यानेच बंदूक फुटली. तुलाही कधी सांगितलं नाही.

तिला लिहिलंय, एकेक काडतूस भरणारं साधं यंत्र घे, दारू तोलायला चांगला तराजू घे. कारणही लिहिलंय. वर्लिनला तोंडाने सांगायला निघालोय. सूप शेगडीवर आहे. तिचं पत्र सकाळीच पोस्टात टाकलं, आता मागे घेता येणार नाही.

हॅल्वर