बर्फाच्या मशीनचं दुखणं

३ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच! मशीनने सकाळी टोपलीत जे टाकलं त्याला बर्फ म्हणवत नाही. पापुद्र्यासारखी पातळ टोपणं – दाताखाली धरली की नुसतं पाणी. दुकानात न्यायचा थर्मास अर्धासुद्धा भरला नाही. दिवसभर चष्म्यांच्या काचा घासताना जबडा नुसता शिवशिवत होता. एक गिऱ्हाईक चष्म्याची दांडी सैल आहे म्हणून तिसऱ्यांदा आलं, त्याच्यावर खेकसले. मालकीणबाईंनी नुसतं पाहिलं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला बर्फ आवडतो असं नाही, मला तो लागतो. डोळे उघडले की आधी बर्फ. गेल्या वर्षभरात वाढतच चाललंय. मशीन आणलं तेव्हा घरात सांगितलं, पाहुण्यांसाठी. पाहुणे! कोण येतं आमच्याकडे!

नवरा म्हणाला, "फ्रीजमधला खा की." त्याला काय कळतंय. ट्रेमधला बर्फ म्हणजे दगड, त्यानेच माझ्या दाढेचा टवका उडवला. मशीनचा पोकळ असतो, हवा तसा फुटतो.

५ मार्च, गुरुवार

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "टाकी धुतली का? भिंतीला चिकटवून ठेवलंय का? शेगडीजवळ आहे का?" सगळं केलंय रे बाबा! टाकी व्हिनेगरने धुतली, मशीन शेगडीपासून लांब नेलं, मागे हात जाईल एवढी जागा सोडली. पंखा फिरतोय, पाणी चढतंय. तर म्हणे, "ताई, एवढी छोटी मशीनं आम्ही उघडत नाही. नवीन घ्या."

डोक्यात तिडीक गेली. मीच उघडणार.

७ मार्च, शनिवार

उघडलं! कन्यारत्न कॉलेजातून मीटर घेऊन आली आणि सोबत माहितीपुस्तक मोठ्याने वाचायला बसली. आतल्या पाइपला चिकटवलेला एक मण्याएवढा सेन्सर असतो. किती गार झालं ते तो मशीनला सांगतो आणि त्यावरून मशीन ठरवतं, बर्फ आणखी जमू द्यायचा की खाली टाकायचा. आमचा मणी बहुतेक खोटं सांगत होता – झालं झालं, गार झालं, टाका खाली!

तपासायचं कसं, तर तो एकदा बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, एकदा मुठीत धरायचा. मीटरवरचा आकडा बदलायला हवा. पाण्यात बुडवला. मग मी मुठीत धरला. आकडा ढिम्म! कन्या म्हणाली, "आई, तुझ्या मुठीत काय होणार, तुझे हात मेल्यासारखे गार आहेत. माझ्याकडे दे." तिच्या मुठीतही ढिम्म. मग गरम पाण्याच्या कपात. तरी तेच.

सापडला चोर! मला इतका आनंद झाला की तिचा मुका घेतला. ती म्हणाली, शी, किती गार ओठ.

नवीन सेन्सर मागवलाय. जुन्याच्या वायरीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, म्हणजे गोंधळ नको. तोवर तोच परत लावून ठेवलाय. पापुद्रे तर पापुद्रे.

१० मार्च, मंगळवार

अजून आला नाही. शेवटी बाजारातून बर्फाची पिशवी आणली. जिन्यात मधेच बसावं लागलं, छाती नुसती धडधडत होती. खालच्या काकू दारातून म्हणाल्या, "अगं, पांढरीफटक पडलीस की!" मी म्हटलं, ऊन. पायऱ्या इतक्या उंच कुणी बांधल्या, देव जाणे. पिशवीतलं अर्धं पाणी होऊन गेलं. रडू आलं. बर्फासाठी रडतेय मी, या वयात!

१२ मार्च, गुरुवार

आला! स्वतःच्या हाताने बसवला, जुना खिळ्यांच्या डब्यात टाकला. नवरा शेजारी उभा राहून सगळं निरखत होता. याला कधी नळाचा वॉशर बदलावासा वाटला नाही, आणि आज नाना प्रश्न. "ही पट्टी सोडवायची? मग क्लिप दाबून ओढायची? एवढंच?" मी पण मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं.

पहिलाच घाणा जाडजूड निघाला. ओट्याजवळ उभी राहूनच खाल्ला. जिवात जीव आला. हा दारात उभा राहून बघत होता, हसला नाही.

१४ मार्च, शनिवार

पुन्हा पापुद्रे!

काय चुकलं? पट्टी सैल बसली? नवीनही खराब? पाणी बदललं, बंद करून चालू केलं, काही उपयोग नाही. दुकानात रिकामा थर्मास घेऊन गेले. काच घासायच्या चाकाला लावताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि काच हातातून सुटली. गिऱ्हाइकाची काच! मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची सरकवून म्हणाल्या, "बस, आणि मग घरी जा." त्यांचा सूर मला अजिबात आवडला नाही. माझ्या जागी दुसरी बघताहेत की काय?

१५ मार्च, रविवार

मशीन उघडलं. आत लाल ठिपका.

मी बघतच राहिले. जुना सेन्सर! डब्यात टाकलेला तो आपल्या पायांनी चालत परत आत जाऊन बसला? कन्येला हाक मारणार तेवढ्यात नवरा स्वयंपाकघरात आला आणि उभा राहिला. त्याच्या तोंडावरून कळलं.

"तू?"

"हो."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याकडून शिकून माझ्यावरच! काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू जिन्यात बसतेस. तुझे ओठ पांढरे पडलेत. काही म्हटलं की, वय झालं म्हणतेस. हा बर्फ तुला खातोय, मला डोळ्यांनी दिसतंय."

"मग सांगायचं होतंस!"

"किती वेळा सांगितलं. ऐकलंस?"

नवीन सेन्सर त्याच्या खिशात आहे. आधी रक्त तपासून यायचं, मग सेन्सर. असा सौदा! लहान मुलीला खाऊ दाखवून औषध पाजतात तसं. मी म्हटलं, मी दुसरा मागवेन. तो म्हणाला, "मागव. मी तोही काढेन." या माणसाने इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नाही. आजही चढवला नाही, पण खिशावरचा हात काही काढला नाही. मला त्या हाताचीच जास्त भीती वाटली.

१६ मार्च, सोमवार

बोलत नाही आम्ही. कन्या निरोप्या झालीय. "बाबा विचारतात, भात घेणार का." "सांग त्यांना, सेन्सर घेणार."

१८ मार्च, बुधवार

दिलं रक्त. एकदाचं त्याचं तोंड बंद होऊ दे. सुईवाल्या मुलीला शीर सापडेना, दोन्ही हात टोचून झाले. हा बाहेर बाकावर बसला होता, मी बाहेर आल्यावर उठून माझी पिशवी घेतली. मी दिली नाही.

रिपोर्ट चांगला आला की माफी मागायला लावणार आहे, तीही लेकीसमोर. आणि मग पोटभर बर्फ खाणार, त्याच्यासमोर खुर्ची टाकून, कुडुम कुडुम.

थोडी भीती वाटतेय. पण ती बर्फ सोडायला सांगतील याची.

२० मार्च, शुक्रवार

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मी बर्फाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, यालाही काढू दिला नव्हता. त्यांनी मान वर केली आणि पहिलंच विचारलं, "बर्फ खावासा वाटतो का हो फार?"

बर्फाने काही झालेलं नाही. अंगात रक्तच उरलेलं नाही – हिमोग्लोबिन पाच. असायला हवं त्याच्या निम्मंही नाही. इतकं कमी झालं की काहींना अशी तलफ लागते म्हणे. आजच दाखल व्हायचंय, रात्रीपासून रक्त चढवतील. याने माझा हात धरला, मी सोडवला नाही.

"आणि मग बरी होईन ना?" मी विचारलं.

"हे भरून काढू. पण एवढं रक्त कुठून तरी जातंय," त्या म्हणाल्या. "ते कुठून, ते आधी शोधायला हवं."