गाठीवर बिब्बा

५ जाने., लोणी
सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, तव्यावर तंबाखूची मिश्री भाजली. अख्ख्या घरात तो जळका वास. शी! ह्याच मिश्रीपायी कॅन्सर होऊन माझी अर्धी जीभ कापून दीड वर्ष झालं, आणि ह्या दाराशी बसून, बोट तोंडात घालून विचारतात, "आज कसं वाटतंय गं?" काळी लाळ हनवटीवर. ओरडावं तर माझं बोलणं कुणाला धड कळत नाही. म्हणून हे लिहिणं.

७ जाने.
डाव्या कानाखाली गाठ. सुपारीएवढी. आंघोळीला लागली हाताला. मंचरच्या डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि पुण्याला, ऑपरेशन केलेल्या डॉ.बाईंकडंच धाडलं. बाई म्हणाल्या, "परत आलाय का, ते बघायला सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करू. अंदाजानं मी काही बोलणार नाही." तारीख पुढच्या आठवड्यातली. परत आला असंल तर उरलेली जीभ पण जाणार. मग पेज नळीनं.

९ जाने.
बातमी फुटली. कांद्याची लागण सोडून बाया बघायला. एकीनं मोबाईलची बॅटरी लावली, "आ कर, बघू." मी काय बाजारातली म्हैस आहे? चहा ढोसला, आणि जाताना दारातच तंबाखूची पिंक टाकली. माझ्या दारात! मेलीला लाज न्हाई. पिंक मीच धुतली.

१० जाने.
हे मळ्यात. आत्याबाईंनी बिब्बा तापवला. मेंढरं होती तेव्हा मेंढराला गाठ आली की त्या हेच करायच्या. "आमी लई गाठी जिरवल्यात. मशिनीत बघून का गाठ जाती व्हय?" मला कळत होतं, येडेपणा आहे. पण नुसती वाट बघत बसायचं म्हणजे... मीच मान पुढं केली. सुईच्या टोकानं गाठीवर बिब्ब्याच्या तेलाच्या फुल्या काढल्या. आग आग झाली.

१३ जाने.
बिब्बा उतलाय. फोड, पू, कानापर्यंत सूज. माझाच मला वास येतो. ह्यांना सांगितलं न्हाई. पदर मानेभोवती घट्ट.

१४ जाने.
संक्रांत. शेजारीण तिळगूळ घेऊन आली, "गोड बोला." मला! उद्या स्कॅन, गोड बंद, म्हणून वडी तशीच ताटलीत ठेवली. वाईट वाटलं म्हणे तिला. वाटू दे.

१५ जाने., पुणे
उपाशी. शिरेतून औषध सोडलं आणि एका खोलीत निजवलं. "अजिबात बोलायचं नाही हं," तिथली पोरगी म्हणाली. हसूच आलं. मग विचारलं, कुठं जखम वगैरे आहे का? मी मान हलवली. न्हाई. अडाणी म्हणतील म्हणून! आग लागो त्या लाजेला.

२० जाने.
डॉ.बाईंनी स्क्रीन आमच्याकडं फिरवली. मानेत डावीकडं पिवळाजर्द ठिपका. हे खुर्चीतून उठलेच. बाई म्हणाल्या, "मान दाखवा." पदर काढला.
"हे काय लावलंत? अहो, कॅन्सर पण असाच उजळतो आणि भाजून सुजलेली गाठ पण अशीच उजळते. आता मी सांगू काय तुम्हाला?"
कातडी पिकलीय, त्यातून सुई घालून तपासता पण येत न्हाई. आधी जखम भरायची. मग सोनोग्राफी, सुई, आणि गरज पडली तर परत स्कॅन. म्हणजे वाट बघणं टाळायला बिब्बा लावला आणि आता डबल वाट बघायची.
हे घरी येऊन आईवर तुटून पडले, "आये, मारतीस का काय तिला?" आत्याबाईंचं बोट तोंडातच. म्हणाल्या, "तिनंच मान दिली." खरंय. दोघींचीही शिसारी आली मला.

२ फेब्रु.
आत्याबाई दोन्ही येळंला जखम धुतात, मलम लावतात. साबणानं कितीदा हात धुतले तरी बोटाला मिश्री येतेच. मी तोंड फिरवून बसते. आज लावता लावता रडायला लागल्या. "मला वाटलं जिरंल गं." राग अजून गेला न्हाई. मलम मात्र त्यांच्याच हातानं लावून घेते.

१२ फेब्रु.
खपली पडली. खाली गुलाबी कातडी.
"सूज उतरली बघ. गाठ हाय का, दाबून बघू?" आत्याबाईंनी बोट पुढं केलं. मी हात झटकला. "नको." त्यांना कळलं.
मी पण दाबून बघितलं न्हाई. सकाळपासून माझं बोट कानापर्यंत जातं आणि माघारी येतं. हे पण तिकडं बघायचं टाळतात.
उद्या पहाटेच्या गाडीनं पुणे, सोनोग्राफीला. सांगितलंय ह्यांना, पदर कमरेला खोचून जाणार. मान उघडी.